न विचारता ओढलेली रेष

हॅलो?… हो, बोल ठमे… काय? माझं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय?… अगं, आधी श्वास घे. बाबांना पुन्हा चक्कर आली? पडले नाहीत ना?… हुश्श. आणि रक्तदाबाचा आलेख मात्र सरळ?

हो, हो… उद्या डॉक्टर तोच बघून गोळी ठरवणार, कळतंय मला. म्हणून तर… अगं ऐक ना! आलेख उघड. कोपऱ्यात नवं बटण दिसेल, 'न विचारता ठरवलेलं'… हो, तेच. सॉफ्टवेअर स्वतःच काय काय ठरवून टाकतं, त्याची यादी आहे त्यात. साहेबांशी भांडून बसवलंय मी ते. म्हणे, लोक घाबरतील. म्हटलं, झाकली मूठ सवा लाखाची असेल, पण बिघाड शोधायचा तर ती उघडावीच लागते… दाब. मोठ्याने वाच.

रेषेचा रंग निळा, ते सोड… पुढे?… 'रिकामे दिवस: जोडून घ्या'. थांब! तिथेच थांब… अगं, ज्या दिवशी मोजलंच नाही, तिथे ते स्वतःच रेष ओढतं. मागच्या ठिपक्यापासून थेट पुढच्यापर्यंत… हो, आम्हीच तसं ठेवलंय. चुकलंच आमचं. आता ते 'तुटक ठेवा' कर.

काय दिसतंय?… नुसते ठिपके? वार बघ… शनिवार, रविवार. म्हणजे तू घरी असतेस तेव्हाच… हो गं, मलाही रोज हेच सांगतात, 'मोजलं, ठीक आहे'… नाही, ओरडू नकोस त्यांच्यावर. फोन दे… दे म्हणते ना!

बाबा?… नाही, रागावले नाही. एकच विचारते. यंत्राचा तो पट्टा तुम्हाला एकट्याला बांधता येतो का?… उजव्या हाताला पकडच नाही? कधीपासून?… अहो, मग सांगायचं ना! 'पोरींच्या डोक्याला ताप' काय, ताप आम्हाला आज झाला… उद्या हाच तुटका आलेख दाखवायचा. आणि हाताचंही सांगायचं… लाज कसली त्यात?

आत्ता कसं वाटतंय?… 'ठीक आहे' नको. ते तुमच्या तोंडून आपोआप येतं. खरं सांगा… हं… हं… भीती वाटते? एकटं असताना?…

बाबा, मलाही वाटते… नाही, रडत नाहीये. ठमीला म्हणावं, माझं अंथरूण घाल. ठेवा आता, निघाले मी.