उंबरठेबहाद्दर

नात : रक्तमंजिरीसुद्धा गेलं! आजी, हेही कोणीतरी घेतलंय.

आजी : बरं झालं. दंतमंजनाचं नाव वाटत होतं. खिडकीतून सरक आधी, सगळा उजेड अडवून बसलीयेस. उद्या सकाळी दोनशे शाळकरी सदरे द्यायचेत, एकेकाला सहा काजं.

नात : दे, दोरा ओवून देते.

आजी : काही नको. सुईचं भोक मला अंधारातसुद्धा सापडतं. तू तुझं त्या फोनमधलं राज्य सांभाळ.

नात : अगं, नाव दिल्याशिवाय राज्यात घेतच नाहीत. माझी जादूगारीण कधीची तयार आहे. हिरवे केस, हातात काठी, खांद्यावर घुबड. नावावाचून दाराशी खोळंबलीय बिचारी. वज्रकंठा कसं वाटतं?

आजी : घसा बसलाय का तिचा?

नात : आजीऽ! ...गेलं. हेही घेतलेलं आहे.

आजी : घेतलेलं म्हणजे काय गं? नाव म्हणजे काय बसमधली जागा आहे, रुमाल टाकून धरायला?

नात : तसंच समज. एका नावाचं एकच माणूस. जगभरातून लाखो लोक हा खेळ खेळतात, त्यांनी चांगली चांगली सगळी उचललीत. तूच सांग ना एखादं. नावं ठेवण्यात तुझा हात कोण धरणार?

आजी : मी? मी कोणाला नावं ठेवते?

नात : बाबांना होयबा. आईला घड्याळबाई. सदरे मोजून न्यायला येतो त्या मुकादमाला फुटपट्टी. आणि मला...

आजी : चोंबडी. आहेसच. घाल तेच.

नात : चोंबडी जादूगारीण! थांब हं... अगं, तेही घेतलंय!

आजी : जगात चोंबड्यांना तोटा नाही.

नात : अजून सांग, अजून सांग.

आजी : भांडकुदळ.

नात : गेलं.

आजी : रडूबाई. आगलावी. काय, सगळी गेली? मग कजागसुंदरी बघ.

नात : कजागसुंदरी... हे मिळतंय! पण मला नको, हे तुला शोभेल. मला जरा भारदस्त हवं. ऐकल्यावर समोरच्याने दोन पावलं मागे सरकायला हवं.

आजी : मग उंबरठेबहाद्दर घाल. बाईला शोभणार नाही, पण भारदस्त आहे. आणि मी पैज लावते, कोणाकडे नसेल. हे या घरात, या तोंडाने घडवलेलं आहे.

नात : उं-ब-र-ठे-ब... केवढं लांबलचक! ...आजी.

आजी : काय झालं?

नात : घेतलेलं आहे म्हणतंय.

आजी : पुन्हा घाल. अक्षर चुकलं असेल.

नात : नाही चुकलं. हे बघ, तूच बघ.

आजी : मला काय दाखवतेस? मला माझी सही धड येत नाही. पुन्हा घाल म्हणते ना!

नात : घातलं. तेच म्हणतंय. घेतलेलं आहे.

(आजीच्या मांडीवरचा सदरा घसरून फरशीवर गेला. पडलेलं कापड तिने कधी क्षणभर तसं राहू दिलं नव्हतं. आज तिला ते दिसलंच नाही.)

नात : आजी, हे नाव तू कोणाला ठेवलं होतंस? काकाला?

आजी : लहानपणी दिवसभर उंबरठ्यावर बसायचा. एक पाय आत, एक पाय बाहेर. आत ये म्हटलं तर येणार नाही, खेळायला जा म्हटलं तर जाणार नाही. मी म्हणायची, आला माझा उंबरठेबहाद्दर. असा हसायचा! मोठा झाला, कुठल्याही नोकरीत महिनाभर टिकेना, तेव्हाही मी तेच म्हणायची. तेव्हा हसायचा नाही.

नात : बाबांनी घेतलं असेल का हे नाव?

आजी : तुझ्या बाबाने? त्याला फोनवर गजर लावता येत नाही.

नात : कोण आहे ते दिसतं इथे. नावावर बोट ठेवलं की सगळी माहिती येते. बघू?

आजी : बघ. ...थांब. ...बघ, बघ.

नात : द्वारपाल आहे. एका मोठ्या वेशीवर उभा राहतो. हातात तलवार नाही, भाला नाही, नुसता कंदील आहे. लेव्हल एक्काहत्तर! बापरे!

आजी : म्हणजे पुष्कळ?

नात : खूपच. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास खेळावं लागतं.

आजी : म्हणजे जेवत नसणार वेळेवर.

नात : आणि हा द्वारपाल पाच वर्षांपूर्वी तयार केलाय.

आजी : त्याला घर सोडून सहा झाली. तू तेव्हा पहिलीत होतीस.

नात : म्हणजे घर सोडल्यावरचं आहे हे, आजी! बाबा किती गावं फिरले, पोलिसात फोटो दिला, काही कळलं नाही. आणि काका होता की! कुठेतरी होता, खेळत होता.

आजी : आणि हेच नाव घातलं त्याने. एवढी भारी भारी नावं पडली होती तेव्हा. मी हिणवलेलं तेवढं उचललं. ...आता आहे का तो तिथे? हाक मार त्याला. सांग, आजी बोलावतेय. नाही, आई बोलावतेय म्हण.

नात : नावापुढे ठिपका असतो. हिरवा असला की माणूस आत आहे. हा करडा आहे.

आजी : मग कधी येतो? संध्याकाळी?

नात : शेवटचा आला त्याला... आजी, एक वर्ष, अकरा महिने आणि वर काही दिवस झालेत.

आजी : दुसरा कसला तरी खेळ लागला असेल. त्याचं कुठे एका जागी मन रमतं.

नात : हो. तसंही असेल.

आजी : मान काय डोलावतेस? बापासारखी होयबा होऊ नकोस. चिठ्ठी टाकता येते का तिथे?

नात : येते. सांग, काय लिहू?

आजी : लिही. मेल्या, सहा वर्षांत... नको. लिही, तुझा डबा मी... तेही नको. नुसतं लिही, दाराला कडी लावत नाही मी. लिहिलंस?

नात : लिहिलं. पाठवते. ...जात नाहीये.

आजी : का?

नात : त्याची पेटी भरलीय. आता नवीन चिठ्ठी मावत नाही.

आजी : कोणी एवढ्या चिठ्ठ्या टाकल्या?

नात : सोबत खेळणारे असतील. कुठे आहेस, का येत नाहीस, असं विचारणारे.

आजी : म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही.

नात : आजी, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? मला कोणी सांगतच नाही.

आजी : काय व्हायचंय! पंधरा दिवसांत नोकरी सोडून आला आणि पुन्हा त्या कॉम्प्युटरपुढे बसला. मी वायरी ओढल्या आणि अख्खा डबा भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला. हा उंबरठ्यावर उभा. म्हणाला, आई, त्यात माझी माणसं आहेत. मी म्हटलं, माणसं? मग जा त्यांच्याकडे. जन्म गेला उंबरठ्यावर, एकदा ओलांडून तरी दाखव.

नात : मग?

आजी : मग काय? दाखवला ओलांडून.

नात : ...अजून एक सांगायचंय. ओरडू नकोस.

आजी : ओरडायला जीव कुठे उरलाय! सांग.

नात : दोन वर्षं कोणी आत आलं नाही तर ते नाव मोकळं करतात. तसा नियमच आहे. मग ज्याला हवं त्याला मिळतं. एकोणीस दिवस राहिलेत.

आजी : आणि तो कंदीलवाला?

नात : पुसला जातो.

आजी : म्हणजे कोणी तरी परका येऊन माझ्या तोंडचं नाव लावून फिरणार?

नात : मी फिरू देणार नाही! त्या दिवशी गजर लावून बसेन आणि मोकळं झाल्याबरोबर मीच घेईन. घरातलं नाव घरात राहील.

आजी : नाही.

नात : अगं, मी नाही घेतलं तर दुसरा कोणीतरी घेईल ना!

आजी : घेऊ दे. दुसऱ्याने घेतलं तर ते उचललेलं. तू घेतलंस तर ते मी दिलेलं. उद्या तो परत आला, नाव घातलं आणि समोर आलं, घेतलेलं आहे. कोणी घेतलं? तर घरच्यांनी. पुन्हा एकदा बाहेर काढू त्याला?

नात : ...मग मी काय नाव घालू?

आजी : ती कजागसुंदरी आहे ना शिल्लक? घाल ती. घातलीस? तुझ्या त्या घुबडवालीला वेशीपर्यंत जाता येतं का?

नात : येतं. तो दिसणार नाही तिथे, पण त्याची जागा दिसेल.

आजी : मग रोज शाळेतून आलीस की तिला तिथे नेऊन उभी कर. ठिपका हिरवा झाला तर मोठ्याने हाक मार मला. मी कुठेही असेन, कोणाशीही बोलत असेन.

नात : मारेन. ...आणि विसाव्या दिवशी?

आजी : तो सदरा उचल खालचा. आणि हा दोरा ओव.

नात : आजी, विसाव्या दिवशी काय करू?

आजी : तेव्हापासून मला काही सांगायचं नाही. मी विचारलं तरी.