मॅडमनी परत ठेवलेला पेढा

लाल रंग बघून जिवात जीव आला, असं कधी झालंय का तुमचं? माझं झालंय.

आम्ही एका दवाखान्यासाठी डेटाबेस करत होतो. त्यात सक्त नियम होता: गोपनीय फाइल कंपाउंडरला उघडता येता कामा नये, डॉक्टरनं स्वतः परवानगी दिली तरी नाय. संध्याकाळी काम दवाखान्याच्या ताब्यात द्यायचं होतं. नियम तपासायला मी प्रोग्रॅम लिहिला. तो कंपाउंडरच्या नावानं, एकदा डॉक्टरच्या परवानगीविना अन् एकदा परवानगीसकट, फायली उघडून बघायचा. उघडली नाही की हिरवी टिक, उघडली की लाल.

सकाळी चालवला, तर सगळ्या टिका हिरव्या! मी पळत जाऊन मुकुंदवाडीतून पेढे आणले. आमच्या वरिष्ठ देशपांडे मॅडमनी पेढा हातात घेतला अन् विचारलं, "डॉक्टरला तरी फाइल उघडते का रे?"

"ते कशाला बघायचं, मॅडम?"

"बघ तर."

बघितलं. डॉक्टरलाही उघडेना. मॅडम स्क्रीनवर वाकल्या. "अरे, डेटाबेस चालूच केला नाहीस तू! बंद दुकानातून कोण काय नेणार?" अन् पेढा परत डब्यात.

खाली मान घालून डेटाबेस चालू केला, प्रोग्रॅम पुन्हा चालवला. डॉक्टरला फाइल उघडली. पण एक टिक लाल आली: डॉक्टरनं परवानगी दिली की कंपाउंडरही आरामात आत!

"मॅडम, लई मोठी चूक हाय."

"दुपारपर्यंत दुरुस्त होईल. दवाखान्यात जायच्या आत सापडली ना?" तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. मॅडमनी डबा ओढला अन् तोच पेढा तोंडात टाकला. "आता खाते. तुझा प्रोग्रॅम आज पहिल्यांदा खरं बोलला."