अकरा जूनची नोंद

माझ्या आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष माननीय हेमाताई, प्रमुख पाहुणे आणि आमच्या कचेरीचे माजी प्रमुख माननीय केंजळेसाहेब, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत संकोचून बसलेल्या माझ्या पाहुण्या बिलकिसबी,

आत्ताच तिघा वक्त्यांनी सांगितलं की श्यामलाबाई फार अबोल. अहो, साडेसात वर्षं तळघरातल्या अभिलेख कक्षात बोलणार कुणाशी? झुरळांशी? मी तिथे पोचले कशी, हे मात्र कुणी सांगितलं नाही. तेवढं मी सांगते.

अठ्ठ्याण्णव साली मी आवक टेबलावर होते. अकरा जूनला बिलकिसबी आल्या. कसबा पेठेत त्यांचं कल्हईचं दुकान, मागे दोन खोल्या. त्या जागेवर वाहनतळाचं आरक्षण पडून बारा वर्षं झाली होती. सरकार जागा घेतही नव्हतं, सोडतही नव्हतं. मागची भिंत खचली, तरी बांधायला परवानगी मिळेना. पती मकबूलभाई त्या परवानगीची वाट बघतच गेले.

बिलकिसबींनी नगररचना कायदा वाचून घेतला होता. दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालकानं नोटीस द्यायची. पुढच्या सहा महिन्यांत सरकार हललं नाही, तर आरक्षण रद्द. नोटीस हातानं लिहिलेली, एकच प्रत. पोच घ्यायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि गर्दीत मीही सांगितलं नाही. ती चूक माझी. नव्या मुलींनो, कुणी मागितली नाही तरी पोच द्या.

त्यांनी विचारलं, "बाई, हा कायदा आमच्यासाठी पण आहे ना?"

"सगळ्यांसाठी आहे," म्हटलं, शिक्का मारला, रजिस्टरात नोंद केली.

सहा महिने कचेरी ढिम्म. मुदत उलटल्यावर जाग आली. केंजळेसाहेबांनी मला बोलावून समोर कोरं रजिस्टर ठेवलं.

"श्यामलाबाई, जुनं भिजलं म्हणू. हे नव्यानं लिहून काढा. तो कागद ऑगस्टमध्ये आला, म्हणजे सहा महिने अजून व्हायचेत."

"साहेब, तो जूनमध्ये आला."

"एका भिंतीपायी बढती घालवणार?"

"भिंत त्यांची आहे, साहेब. अक्षर माझं आहे."

बढती मलाही हवी होती, खोटं कशाला सांगू? घरी दोन मुली शिकत होत्या. पण कोरं रजिस्टर मी कोरंच परत केलं. तिथून थेट कसबा पेठेत गेले. "बिलकिसबी, नोंदीची नक्कल मागा. उद्याच." त्यांनी अर्ज केला, नियमाप्रमाणे मी नक्कल दिली. आठवड्यात माझी रवानगी तळघरात.

कोर्टात ती नक्कल टिकली. आरक्षण रद्द झालं. बिलकिसबींनी आधी भिंत बांधली, मग वर एक मजला. तिथे आज त्यांची मुलगी मेहरुन शिवणाचा वर्ग चालवते.

साहेब, मघाशी आपण म्हणालात, सार्वजनिक हितासाठी थोडं वाकावं लागतं. ज्या जागेवर बारा वर्षांत एक सायकलसुद्धा लागली नाही, तिथे कोणाचं हित होतं? सरकारनं जागा जरूर घ्यावी. मुदतीत घ्यावी, नाहीतर सोडावी. हे मी नाही, कायदा म्हणतो.

शाल-श्रीफळाबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर सभागृहानं ते पोटात घालावं. केंजळेसाहेब, आपण मात्र तसदी घेऊ नये. आपली क्षमा मी मागितलेली नाही.