स्पार्क पुढं घे

आमच्या छोट्या विमानाचं रोटरी इंजिन आता झकास चालतंय, पण मागच्या रविवारी ते हातचं जाणार होतं. फुलंब्री रोडच्या शेडमधी मी आन् सलीम टेस्ट घेत होतो, तर सायलेन्सर तापून लाल.

मी म्हणलं, "स्पार्क उशिरा पडतोय, म्हणून पेट्रोल पाइपात जाऊन जळतंय. स्पार्क पुढं घे."

त्यानं घेतला. सायलेन्सर आणखीच तापला.

"अजून पुढं घे."

आता त्याच्यावर भाकरी भाजली असती. मी घाबरून इंजिन बंद केलं. "सलीम, नेमकं काय करतोय तू?"

"पुढं घेतोय. अजून उशिरा."

"अरे, पुढं म्हणजे लवकर."

सलीमनं पाना खाली ठेवला. "माझं लग्न दोनदा पुढं गेलं, मियाँ. ते लवकर झालं व्हय?"