मौलाच्या दुकानातली सुपारी

—तिथं न्हाई, आवं पावणं, त्या मखमलीच्या खुर्चीवर आत्ताच नका बसू. ती तुमचीच हाय, पण हार घातल्याबिगर कुणी बसलेलं आमच्या सुभेदारांना चालत न्हाई. हितं बाकावर बसा माझ्याशेजारी. तुमी सांगलीचे बाळगोंडा पाटील ना? वळखलं की. दसऱ्याच्या मॅचचे प्रमुख पाहुणे. तुमाला आणायला सगळी थोरली मंडळी सातारा रोडच्या ठेसनावर गेल्यात, बँड घेऊन. तुमी आला टीमच्या पोरांबरोबर सर्व्हिस मोटारनं, त्येला कोण काय करणार? तुमाला कुणी इचारलंच नसंल. आमच्या तालमीत थोरल्यांनी एकदा ठरवलं की पावणा आगगाडीनं येतो, की त्यो आगगाडीनंच येतो. आता गाडी यील, तुमी काय उतरणार न्हाई, मग ते एकमेकांची चूक काढत बसतील, मग टांग्यातनं परत. लय येळ हाय. पाणी देऊ? माठ हाय तिकडं. न्हाई? बरं.

मी गुंडा. सयाजी पैलवानाचा पोरगा. न्हाई, आमचा बाप फुटबॉल न्हाई खेळला, त्येला ते गोऱ्यांचं याड वाटायचं. मी इंग्रजी शाळेत व्हतो, मॅट्रिकपतूर. बेचाळीसला सोडली. का म्हणजे? सोडा म्हणाले म्हणून सोडली. चौकात उभं राहून सोडा म्हणणारे वकील पुढच्याच पावसाळ्यात काळा कोट घालून कोर्टात गेले, आन् मला हेडमास्तर म्हणाले, तुझं वय गेलं आता. आता स्वराज्य आलंय, आन् मी मैदानावर चुन्याच्या रेघा मारतोय. असू दे. तुमी काय त्येच्यासाठी आला न्हाई.

मौला कुठं हाय? — मोटारीतनं उतरल्या उतरल्या हेच इचारलं तुमी मला. सांगतो. पण आधी तुमी एक सांगा. एकतीस सालची फायनल, पेनल्टी तुमीच मारली व्हती ना? आवं, मला म्हाईत हाय, हितल्या शेंबड्या पोरालासुदिक म्हाईत हाय. आमाला आईच्या दुधाबरोबर पाजत्यात ती पेनल्टी. आमी एक गोलनं पुढं, शिट्टी व्हायला थोडकाच अवकाश, सांगलीला पेनल्टी. बाळगोंडा पाटील पायात बूट घालून, आन् आमचा मौला तांबोळी गोलमध्ये अनवाणी. मौला उजवीकडं झेपावला, बॉल आला डावीकडं, त्येनं हवेतल्या हवेत अंग फिरवलं, हात मागं टाकला, बोटं मोडली, बॉल वरच्या बांबूवरनं पार. बोटं मोडल्याचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला ऐकू आला म्हणत्यात सुभेदार. आकाराम सुभेदार. ते स्वतः तवा पलटणीबरोबर क्वेट्ट्याला व्हते, पण आवाज त्यांनी ऐकलाय. मी लहान व्हतो तवा दोन बोटं मोडली व्हती, गेल्या साली तीन झाली. सुभेदार अजून दहा वर्षं जगले तर मौलाकाकांचा आख्खा हात जातोय बघा.

हसताय का? — काय? मधोमध मारला व्हता? आवं, मग मौलाकाका झेपावले न्हाईत? जाग्यावरच उभे व्हते? — खरंच म्हणता? — बरं. कुणाला सांगू नका. तसं बघितलं तर जाग्यावर उभं राहणं काय कमी हाय का. समोरनं बूट येतोय म्हटल्यावर पाय आपसूक हलत्यात.

तर मौलाकाका. आता ही मंडळी आल्यावर तुमी इचाराल, आन् ते सांगतील, मौला आजारी हाय. ठरलंय त्येंचं तसं, काल रात्रीच ठरलंय. आजारी न्हाईत ते. सकाळी दुकानात बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत व्हते, त्या वाकड्या बोटांनी. पानसुपारीचं दुकान हाय त्येंचं, राजवाड्याकडनं खाली आलं की डाव्या हाताला. आमची सगळी थोरली मंडळी रोज संध्याकाळी त्येंच्याच फळीवर बसत्यात. कुठला हाफ बॅक कसा व्हता, कुणी गोऱ्या पलटणीला कसा धुतला, कोण मेला, कोण मुंबईच्या गिरणीत गेला. तेच ते. वर्षानुवर्षं तेच ते. आन् पेनल्टीपाशी आले की सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी. दर येळी. मौलाकाका आपले पानाला चुना लावत बसत्यात. 

आता आमची रीत ऐका, म्हणजे कळंल. तुमच्याकडं टीम कागदावर लिहीत असतील. आमच्याकडं सुपारी देत्यात. खंडेनवमीला तालमीत करेला, मुद्गल, लेझीम, सगळ्या कसरतीच्या सामानाची पूजा, त्यात फुटबॉलची पण पूजा. व्हय, हळदकुंकू लावून. मग दिवेलागणीला हलगी लावून गावातनं निघायचं, ज्येला खेळवायचंय त्येच्या दारात जायचं, ताटातली सुपारी त्येच्या हातावर ठेवायची. सुपारी मिळाली की खेळायचं, न्हाई मिळाली की न्हाई. कारण इचारायचं न्हाई. आन् पयलं दार मौलाकाकांचं. का, तर गोलकीपर म्हणजे घराचा उंबरा, पयला मान त्येचा. आधी मौलाकाका खेळायचे, मग त्येंचा पोरगा नियाज. माझ्याच वयाचा. आवं, बापापरीस चांगला हाय, हे मी दोस्त म्हणून न्हाई सांगत. गेली चार वर्षं त्येच्यावर आमी कप ठेवलाय. आन् ती सुपारी यायची कुठनं? मौलाकाकांच्याच दुकानातनं. ते एकेक निवडून द्यायचे, किडकी एक न्हाई निघायची. पैसं घ्यायचे न्हाईत. म्हणायचे, तालमीचं पैसं घेतलं तर ही बोटं पुन्यांदा मोडतील.

औंदा परवा सुभेदार गेले सुपारी आणायला. मी तिथंच व्हतो, पान खात. मौलाकाकांनी नेहमीसारखं निवडलं, पुडी बांधली, पुढं केली. सुभेदारांनी कोपरीच्या खिशात हात घातला आन् नाणी फळीवर ठेवली. मौलाकाकांनी नाण्यांकडं बघितलं, मग सुभेदारांकडं बघितलं. आन् नाणी गल्ल्यात टाकली. मोड परत दिली. गिऱ्हाइकाला देत्यात तशी, दोन बोटांत धरून. मला तवाच कळायला पाहिजे व्हतं. मौलाकाकांना कळलं. मला न्हाई कळलं, मी मॅट्रिकपतूर शिकलोय ना.

तालमीत खल झाला व्हता म्हणे आधीच. पोरांना कोण सांगतंय. सुभेदार म्हणाले, "औंदा नियाजला राहू द्या. दिवस वाईट हायत. बाहेरगावची माणसं येणार, कुणी काय बोललं तर पोराच्याच जिवाला घोर. त्येच्या भल्यासाठी म्हणतो मी." आन् सगळ्यांनी माना डोलावल्या. पेपरात रोज पंजाबच्या बातम्या येत्यात, ते वाचून ह्येंना वाटलं आता आपण पण काय तरी केलं पाहिजे. नियाजला ह्या गावात कोण काय बोललं व्हतं? कोण न्हाई. बाहेरगावची माणसं म्हणजे कोण? आवं, बाहेरगावचे तुमीच की. तुमाला भिऊन पोराला बसवलाय. तुमी काय बोलणार व्हता? तुमी तर आल्या आल्या त्येच्या बापाला हुडकाय लागला.

मौलाकाकांनी घरात काय सांगितलं न्हाई. तेवढं त्येंचं चुकलं. त्येंच्या बायकूनं, साबेराकाकूनं, आपलं दरसालासारखं ओट्यावर सतरंजी टाकलेली, चुलीवर चहाचं पातेलं. हलगीचा आवाज आला तशी दारात येऊन उभी राहिली. आन् आमी सरळ पुढं. थांबलोच न्हाई. तिला वाटलं अंधारात घर चुकलं आमचं. वीस वर्षं ज्या दारात जातोय ते दार चुकंल का? पण तिला तसं वाटलं. ती कंदील घेऊन खाली उतरली, हात वर करून धरला, पायरी दिसावी म्हणून, आन् म्हणाली, "आवं, हितं. हितं हाय घर." हलगी वाजतीय, कोण वळून बघत न्हाई. मग मौलाकाका बाहेर आले, तिच्या हातातनं कंदील घेतला, वात खाली केली आन् दोघं आत गेले.

थांबता येत न्हाई हो अशा येळी. मागनं माणसं ढकलत्यात. ताट घेतलेल्यानं मध्येच थांबून कसं चालंल, मागचे अंगावर येत्यात, दिवा विझतो, सुपाऱ्या सांडत्यात— ताट? कुणाकडं म्हणजे? व्हतं कुणाच्या तरी— माझ्याकडं. माझ्या हातात व्हतं ताट. त्येंनीच दिलं. म्हणाले, गुंडा, औंदा तू धर, जवान पोरांनी पुढं यायला पाहिजे. मला काय म्हाईत. पाच वर्षं मला कुणी हाळी मारली न्हाई, शाळा सोडलेलं पोर, उडाणटप्पू, चुना मारायला बरं. आन् काल एकदम सुभेदार खांद्यावर हात ठेवत्यात. खांद्यावर हात ठेवला की माणसाला जरा— तुमाला म्हाईत असंल.

व्हय. मला पण मिळाली सुपारी. लेफ्ट आऊट. पयल्यांदाच.

गोलमध्ये नाथाजीला उभा करणार हायत. गरीब हाय बिचारा, पण हाफ बॅक हाय त्यो, हातानं बॉल धरायचा म्हणजे त्येला पाप लागल्यासारखं वाटतंय. तिकडं झाडाखाली बसलेल्या तुमच्या सांगलीच्या पोरांना सांगून ठेवा, कुठनं पण मारा, जातोय.

मी सकाळी गेलो व्हतो नियाजकडं. त्येला सांगायला गेलो की मी न्हाई खेळत. ताठ्यातच गेलो. वाटलं, त्यो मिठी मारंल. त्यो मागच्या दारी विड्याची पानं ओली करत बसला व्हता. वर बघितलंच न्हाई. म्हणाला, "तू खेळ रं गड्या. तू न्हाई खेळलास तर म्हणतील, नियाजनं पोरगं फितवलं. आमाला हितंच राहायचंय." झालं. एवढंच. परत पानं पाण्यात. मी परत आलो. मला राग आला त्येचा, खोटं कशाला बोलू. मी एवढा मोठा नकार घेऊन गेलो, आन् ह्येनं त्यो घेतला पण न्हाई.

पायाकडं काय बघताय माझ्या? पट्ट्या हायत. बांधल्यात आपल्या. चुन्यानं पाय फुटत्यात म्हणून— न्हाई. खेळायचं म्हणूनच बांधल्यात. मघाशी बांधल्या, तुमी यायच्या आधी. त्यो खेळ म्हणाला ना. त्येनंच सांगितलं तर मी काय करू. तसं त्येनं सांगितलं नसतं तरी— जाऊ द्या.

थकलोय मी. वाटायचं, ही म्हातारी खोटी हायत, आमी पोरं बरी असू. सुभेदार मनानं वाईट न्हाईत, हेच अवघड हाय. काल रात्री तालमीत परत पेनल्टीच सांगत व्हते, परत डोळे पुसले. मौलासारखा माणूस व्हणे न्हाई, म्हणाले. कुणाला काय वाटलं पण न्हाई. मला वाटलं, मी गप बसलो.

ऐका, अजून येळ हाय. एक सांगतो, करणार का? तुमी पाहुणे हाय, तुमचं मोडत न्हाईत ते. टांग्यातनं उतरून हार घालायला आले की तुमी एवढंच म्हणा: मौला आजारी असंल तर मी आधी त्येला बघून येतो. बास. भांडण न्हाई, काय न्हाई. मग ते काय करतील? तुमाला एकटं सोडणार न्हाईत. बँड घेऊन तुमच्या मागं येत्यात सगळे, त्या दारात. दारात गेल्यावर सुभेदार मौलाकाकांच्या तोंडाकडं बघून परत फिरायचे न्हाईत, मी वळखतो त्येंना. नियाज हातातली पानं टाकून यील. शिट्टी थांबंल तंवर, तुमच्याबिगर सुरूच व्हत न्हाई मॅच. माझ्या बोलण्याला हितं किंमत न्हाई. तुमी एक वाक्य बोला.

काय?

व्हय. पाहुण्यानं कसं बोलावं. व्हय, गावचा मामला. बरोबर हाय. तुमच्या पोरांना परत मोटारनं सुखरूप न्यायचंय, ते पण हायच. दिवस वाईट हायत. न्हाई न्हाई, मी कुठं काय म्हणालो? मघापासनं तुमी इचारत व्हता, मौला कुठं, मौला कुठं, म्हणून मला आपलं वाटलं.

घर? घर कशाला आता. मॅच झाल्यावर जाणार? मॅच झाल्यावर शिलंगण, मग सुभेदारांकडं जेवण, मग तुमची मोटार. बघा कसं जमतंय ते.

आली बघा मंडळी. बँड ऐकू येतोय ना? सुभेदार पुढच्या टांग्यात, हार त्येंच्याच मांडीवर असंल. टोपी सावरा, आन् त्यो धुरळा झटका कोटावरचा. आन् मौलाचं काय इचारू नका त्येंना. उगाच रडत्यात ते. जावा, खुर्ची तिकडं हाय.