धोबीण चिमणीचं माहेर

दिवाळीला माहेरी आले होते. आई वारली त्याच्या आदल्या दिवशी जव्हारच्या टपालकचेरीत माझ्यापुढे जामसरच्या मायलेकी होत्या. लेकीला मास्तरांनी जोडून दिलेल्या रशियातल्या पत्रमैत्रिणीच्या, वेराच्या, पत्राला उत्तर लिहायचं होतं.

"आये, वेरा म्हणते, ती शेपटी हलवणारी धोबीण चिमणी त्यांचीच. तिकडंच पिलं काढते."

"आन् दिवाळीला कुठं येते?"

"आपल्या खाचरात."

"मग माहेर इथंच!"

"पण बाळंतपण माहेरी होतं ना?"

"तू कुठं माहेरी झालीस? भात कापताना सासरीच झालीस!"

"मग काय लिहू?"

"लिही, आमची लेक हाये. नीट नांदवा."

घरी जाऊन मी आईला पहिल्यांदाच म्हणाले, "तुझ्यावाचून मला सासरी करमत नाही गं."