जिन्याखालच्या खोलीची किल्ली

सन्माननीय अध्यक्ष, अर्थात आपले ग्रंथपाल साहेब, व्यासपीठावरची समितीची मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती मावशी, आणि हातातलं पुस्तक मिटून इथे आलेल्या वाचकांनो,

मला भाषणाची सवय नाही. मी देवघेव विभागातली कारकून. एकतीस वर्षं या वाचनालयाची सफाई सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या मावशींबद्दल चार शब्द बोलायला मला उभं केलंय. पण खरं सांगू? माझं सगळं लक्ष घड्याळाकडे आहे.

मी इथे लागले तेव्हा स्वच्छतागृहात पुरुषांच्या बाजूला गेले की, "ओ ताई, इकडे कुठे?" बायकांच्या बाजूला गेले की, "ए, बाहेर हो आधी!" जिला जन्मतः मुलगा म्हटलं, त्या बाईने जायचं तरी कुठे? मी पाणी पिणंच सोडलं. एक दिवस काउंटरवरच चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला संसर्ग झालाय. मावशींनी मला एकही प्रश्न विचारला नाही. जिन्याखालचा कित्येक वर्षं बंद असलेला संडास घासून काढला, आतून कडी बसवली आणि म्हणाल्या, "ज्याला लागेल त्याने किल्ली मागायची. कारण सांगत बसायचं नाही."

मग छोट्या मुलीला घेऊन आलेले बाबा किल्ली मागू लागले. आजारी बायकोला धरून नेणारे आजोबा मागू लागले. मावशी सगळ्यांना द्यायच्या, वर दम भरायच्या, "आधी पाणी टाका, मग पळा!" हसा मंडळी, मलाही जरा धीर येईल.

आता माझी चूक. ही सोय सगळ्यांसाठी कायम राहावी म्हणून तुम्ही दोनशे वाचकांनी सह्या दिल्यात. प्रस्ताव मी लिहिला, आणि हाताच्या सवयीने शेवटी 'माहितीस्तव सादर' असं लिहून बसले. म्हणजे साहेबांनी फक्त वाचायचं, निर्णय मागितलेलाच नाही! साहेबांनी 'पाहिले' म्हणून सही केली, फाइल कपाटात गेली. सही बघून मला वाटलं, झालं काम. मावशींना मिठी मारून तसं सांगूनही टाकलं. गेल्या आठवड्यात पत्र आलं: सोमवारपासून ती खोली जुन्या मासिकांसाठी.

मावशी, तुम्हाला हे आत्ता कळतंय. माझी हिंमतच झाली नाही हो.

साहेब, साडेपाचला मावशी किल्ल्या जमा करणार. दुरुस्त केलेला प्रस्ताव या भाषणाच्या कागदाखालीच आहे. यावेळी स्वच्छ अक्षरात 'आदेशार्थ' लिहिलंय. पेनही आणलंय.

ऐकून घेतलंत, सगळ्यांची आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर घाबरलेल्या माणसाचं म्हणून सोडून द्या. आणि हा पाण्याचा ग्लास माझ्यासाठी ठेवलाय, ते दिसतंय मला. राहू दे. सकाळपासून घोटभरही घेतलेलं नाही; सोमवारची सवय करून बघतेय.